पोरांच्या दाताला भूल देताना दोन मिनिटं थांबा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या गणपतीत मुंबईहून गावी आलेली एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्या दवाखान्यात आली. मुलीने गाल धरलेला, खालची डावी दाढ किडलेली, रात्रभर झोप नाही. आणि दारातच आईचा पहिला प्रश्न, डॉक्टर तुमच्याकडे ते कॉम्प्युटरवालं पेनलेस मशीन आहे का? मी म्हटलं मशीन नाहीये पण बसा, बघूया तरी. ती म्हणाली नको, साध्या इंजेक्शनने आमची मुलगी घाबरेल, आम्ही मुंबईला गेल्यावरच करू. चार दिवसांनी रात्री साडेदहाला तिच्या सासऱ्यांचा फोन, पोरीचा गाल सुजलाय, ताप आहे, काय करू. हे पत्र त्या दिवसापासून डोक्यात आहे, आज लिहायला बसले.

मी देवगड तालुक्यात सतरा वर्षं दातांचा दवाखाना चालवते. लहान मुलं भरपूर येतात. बंदरावरच्या खलाश्यांची, बागायतदारांची, आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, आणि मे महिन्यात, गणपतीत चाकरमान्यांची. दातांची कीड सगळ्यांना सारखीच, बिस्किटं, चॉकलेट, आंबापोळी, जत्रेतलं खाजं, जे जे दाताला चिकटून राहतं ते सगळं खातात आणि रात्री ब्रश कोणी करत नाही. पण आज मला किडीबद्दल नाही, भुलीबद्दल लिहायचंय. कारण आईबाप कामाला नाही घाबरत, सुईला घाबरतात, आणि सुईच्या भीतीने काम पुढे ढकलत राहतात.

आधी मशीनबद्दल. ते मशीन खोटं नाहीये. १९९७ च्या सुमाराला अमेरिकेत ते पहिल्यांदा बाजारात आलं, पेनासारखं हातात धरायचं आणि औषध किती वेगाने सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. त्याचा मोठा फायदा हाच की औषध थेंबाथेंबाने जातं, आणि दुसरा म्हणजे ते सिरिंजसारखं दिसत नाही. चांगलंच आहे, ज्यांच्याकडे आहे त्यांनी जरूर वापरावं. पण थेंबाथेंबाने द्यायला मशीनच लागतं असं कुठेय? हातानेही देता येतं, फक्त देणाऱ्याने घाई करायची नाही. मिनिटाला साधारण १ मिली, असं आम्हाला शिकवलेलं असतं. दाताच्या भुलीची काचेची कार्ट्रिज १.८ मिलीची असते, म्हणजे पूर्ण द्यायची तर जवळपास दोन मिनिटं. आता तुम्हीच आठवून सांगा, तुमच्या पोराला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा किती सेकंद लागले होते? बाहेर पंधरा पेशंट बसलेले, त्यात कोणाची एसटी चुकतेय, कोणाला बाजार करून गावी परत जायचंय, मग दोन मिनिटांची दहा सेकंद होतात आणि पोर किंचाळतं. सुई टोचल्याने जेवढं दुखतं त्याहून जास्त औषध जोरात घुसल्याने दुखतं, आतली जागा ताणली जाते, त्यात औषध आंबट असतं (भूल जास्त वेळ राहावी म्हणून त्यात घातलेलं अॅड्रिनलीन टिकावं यासाठी ते अॅसिडिक ठेवावं लागतं) म्हणून चुरचुरतं पण. सावकाश दिलं की दोन्ही त्रास कमी होतात.

२०२० मध्ये कॉक्रेन नावाच्या संस्थेने या विषयावरच्या २६ चाचण्या एकत्र तपासल्या, जवळपास अडीच हजार मुलं होती त्यात, २ ते १६ वर्षांची. मशीन होतं, कार्टून दाखवणं होतं, संमोहन होतं, सिरिंज खेळण्यासारखी सजवून लपवणं होतं. निष्कर्ष काय, तर यातली अमुक एक पद्धत सगळ्यात भारी असं ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही. म्हणून मला राग येतो जेव्हा आईबापांना असं वाटायला लागतं की मशीन आहे तिथेच पोराचं दुखणार नाही आणि गावातला डॉक्टर म्हणजे नुसता छळ. त्या नादात दुखरी दाढ चार दिवस, चार आठवडे तशीच राहते.

आणि तशीच राहिली की काय होतं ते नीट समजून घ्या. पू झाला, सूज आली की त्या जागेची आम्लता वाढते, आणि अशा ठिकाणी भुलीचं औषध नसेच्या आत नीट शिरतच नाही. म्हणजे ज्या पोराला दुखू नये म्हणून थांबलात त्यालाच भूल धड चढत नाही. त्या मुलीचं हेच झालं. आधी अँटिबायोटिक, मग सूज उतरायची वाट, मग काम. गणपतीतच केलं असतं तर एका भुलीत सुटलं असतं.

बरं, भूल म्हणजे एकच इंजेक्शन असं नसतं हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. वरच्या दातांचं सोपं आहे, तिथलं हाड पातळ आणि सच्छिद्र, त्यामुळे हिरडीत गालाच्या बाजूने दाताच्या मुळाजवळ थोडं औषध सोडलं की ते हाडातून झिरपत आत जातं. आम्ही त्याला इन्फिल्ट्रेशन म्हणतो. खालच्या दाढांना मोठ्या माणसात हे चालत नाही, हाड जाड असतं, म्हणून जबड्याच्या मागे आतल्या बाजूला जिथे नस हाडात शिरते तिथे जाऊन ब्लॉक द्यावा लागतो. ब्लॉक दिला की त्या बाजूचे सगळे दात, अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर. लहान मुलांमध्ये ते नस शिरायचं भोक मोठ्यांपेक्षा खाली असतं, दातांच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली, त्यामुळे मोठ्यांच्या हिशोबाने सुई लावली तर औषध भलतीकडेच जातं आणि डॉक्टर म्हणतो पोर नाटक करतंय. पोर नाटक करत नसतं हो. भूल चढलेलीच नसते. ओठ जड झाला का विचारायचं, थांबायचं, हिरडीला टोक लावून बघायचं, मगच काम सुरू करायचं.

गेली काही वर्षं मी खालच्या दुधाच्या दाढांसाठी ब्लॉकऐवजी बऱ्याचदा आर्टिकेन नावाचं औषध वापरते. आपल्याकडे नेहमी वापरतात ते लिग्नोकेन, १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लॉफग्रेन आणि लुंडक्विस्ट या दोघांनी तयार केलेलं, आजही भरवशाचं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आर्टिकेन त्याच्यानंतरचं, जर्मनीतलं, ते हाडातून जास्त चांगलं झिरपतं. आणि लहान मुलांचं खालचं हाडही मोठ्यांइतकं घट्ट नसतं, त्यामुळे बऱ्याच वेळा गालाच्या बाजूच्या साध्या इन्फिल्ट्रेशनवर काम होऊन जातं, मागे खोलवर सुई न्यावी लागत नाही, जीभ बधिर होत नाही. पण ४ वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं कंपनीच सांगते, आणि ते ४ टक्क्यांचं असतं, लिग्नोकेनच्या दुप्पट तीव्र, त्यामुळे मात्रा जपून. दुधाच्या दाढेची नस काढायची असेल किंवा एका बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम करायच्या असतील तर मी अजूनही ब्लॉकच देते. म्हणजे कुठलं चांगलं याचं उत्तर दाढ कुठली, पोर किती वर्षांचं आणि काम काय यावर आहे.

दात आणि हिरडी यांच्या फटीत अगदी थेंबभर औषध दाबून द्यायचीही एक पद्धत आहे. एकच दात बधिर होतो, ओठ बधिर होत नाही, म्हणून ऐकायला छान वाटते. पण दुधाच्या दाताच्या खाली कायमचा दात घडत असतो, त्याला अपाय होण्याची शक्यता असते, म्हणून मी ती मुलांमध्ये सहसा वापरत नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे टाळू. तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागाच नाही. दाढ काढायची तर टाळूकडूनही भूल लागते, आणि पोरांच्या मनात जी भीती बसते ती बहुतेक वेळा या टाळूच्या सुईची असते. याला उपाय आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. आधी गालाच्या बाजूची भूल चढू द्यायची, मग दोन दातांमधल्या हिरडीच्या टोकातून, जी आता बधिर झालेली आहे, त्यातून सुई हळूहळू टाळूच्या दिशेला सरकवत औषध सोडत जायचं, टाळू पांढरी पडायला लागली की समजायचं पोचलं. मग टाळूत टोचलं तरी पोराला कळत नाही. याला तीन-चार मिनिटं जास्त लागतात एवढंच.

आता जेलबद्दल. सुई टोचायच्या आधी हिरडीला लावायची बधिर करणारी जेल असते, स्ट्रॉबेरी नाहीतर मिंटच्या चवीची. ती लावतात बरेच जण, पण लावतात कशी? ओल्या हिरडीवर बोटभर फासायची आणि लगेच सुई. लाळेबरोबर सगळी पोटात जाते. हिरडी कापसाने कोरडी करायची, मुगाएवढीच जेल लावायची आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. तरीसुद्धा ती वरचा दोन-तीन मिलिमीटरचाच थर बधिर करते, म्हणून नंतरचं औषध सावकाशच द्यायचं. यात आईबापांना एक वेगळी गोष्ट सांगते, दात येताना बाळाच्या हिरड्यांना लावायला म्हणून बेन्झोकेनवाली जेल कोणी आणून लावत असेल तर २ वर्षांखालच्या बाळांना अजिबात लावू नका. त्याने क्वचित रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच कमी होते, अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ मध्ये त्यावर कडक इशारा दिलाय.

सुईचं पण बघा. अजूनही बऱ्याच ठिकाणी मोठ्या बाटलीतून साध्या २ मिलीच्या डिस्पोजेबल सिरिंजमध्ये औषध ओढतात आणि तीच सुई पोराच्या हिरडीत. ती सुई जाड असते आणि बाटलीच्या रबरातून गेल्यावर तिची धारही गेलेली असते. दाताच्या सिरिंजची ३० गेजची सुई केसासारखी बारीक असते (आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक). बाटलीच वापरायची असेल तर ओढायला एक सुई आणि टोचायला दुसरी नवीन बारीक, एवढं तरी करावं. माझी सरकारी दवाखान्यांना औषधं पुरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की ग्रामीण रुग्णालयांत जिथे दंतवैद्य आहेत तिथे कार्ट्रिज, बारीक सुया आणि ही जेल द्या. शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, दात तपासते, किडलेले दात शोधून चिठ्ठी देते, ते काम चांगलं आहे, पण त्या चिठ्ठीवर पोर पहिल्यांदा खुर्चीत बसतं आणि जाड सुई खातं, मग ते परत येत नाही.

मी हे एवढं पोटतिडकीने लिहितेय कारण मी स्वतः तसंच पोर होते. सात वर्षांची असताना एका ठिकाणी माझी दाढ काढली, एकाने हात धरले, एकाने डोकं, काहीही न सांगता भसकन सुई. कोणावर राग नाही आता, तेव्हा पद्धतच तशी होती. पण त्यानंतर पाच-सहा वर्षं मला दात दुखला की मी घरी सांगायचेच नाही, एका बाजूने जेवायचे. कायमची दाढ गेली त्यात. दवाखाना सुरू केल्यावरही पहिली दोन-तीन वर्षं मीसुद्धा घाईच करायचे, हे कबूल करायला हवं. एकदा एका खलाशाचा मुलगा, पाच वर्षांचा, भूल देताना एवढा रडला की बाहेर बसलेली त्याची धाकटी बहीण आईचा पदर ओढत रस्त्यावर पळाली. त्या दिवशी घरी जाऊन ठरवलं की पोरांना दुपारची वेळ द्यायची, जेव्हा बाहेर कोणी ताटकळत नसतं.

आता माझ्याकडे पोर आलं की आधी आरसा त्याच्या हातात देते, पाण्याचा फवारा नखावर मारून दाखवते, मग सांगते की दाढेला झोपवायचंय. जेल लावून आम्ही गप्पा मारतो. सुई लावताना त्याचा गाल दुसऱ्या हाताने हलवत राहते. कोपर आपटलं की आपण चोळतो ना, तसंच आहे हे, हलवल्याचा संदेश मेंदूकडे जाताना दुखण्याच्या संदेशाची वाट अडवतो, १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी हे मांडलं. आणि माझ्या खुर्चीतून खिडकीबाहेर बंदर दिसतं, मी म्हणते होड्या मोज किती आहेत, बारापर्यंत पोचतात बहुतेक. नेपाळी मुलांशी मला धड बोलता येत नाही तरी आरसा आणि फवारा चालतोच. दर वेळी जमतं असं नाही. काही पोरं रडतातच, खूप लहान असतात, किंवा आधी कुठेतरी मार खाऊन आलेली असतात, त्यांना लाफिंग गॅस किंवा पूर्ण भूल लागते आणि ते माझ्या दवाखान्यात होत नाही, मी त्यांना मोठ्या ठिकाणी पाठवते. आपल्या भागातून त्यासाठी गोव्यात बांबोळीला नाहीतर मुंबईला जावं लागतं, हे दुखणं आहेच.

आणि काही वेळा तर सुईच लागत नाही. लहान कीड असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध नुसतं लावून ती थांबवता येते, फक्त तो भाग काळा पडतो, हे आधी सांगून मगच लावायचं. किंवा दाढ न कोरता वरून स्टीलची टोपी बसवायची, हॉल टेक्निक म्हणतात, स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या डॉक्टरबाईंच्या नावाने. पण हे सगळं ठणका लागायच्या आधी आलात तर. आमच्याकडे आजी सांगते, "ते दात पडतलेच मा, मगे कित्याक त्याका सुई टोचूची?" आजी, पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतात, दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात जेवायला.

चाकरमान्यांना एक स्पष्ट सांगायचंय. "आठ दिवस आहोत डॉक्टर, चारी बाजूच्या दाढा एकाच दिवसात करून टाका" असं म्हणू नका. भुलीच्या औषधाला मर्यादा असते आणि ती पोराच्या वजनावर असते. लिग्नोकेन किलोमागे ४.४ मिलीग्रॅमच्या वर मुलांना देत नाहीत. १५ किलोच्या पोराला ६६ मिलीग्रॅम झाले. २ टक्क्यांच्या एका कार्ट्रिजमध्ये ३६ असतात, म्हणजे दोन पूर्ण कार्ट्रिज दिल्या तरी मर्यादा ओलांडली. मोठ्या माणसाला दोन कार्ट्रिज काहीच नाहीत, पण पोराला झटके येण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून भूल द्यायच्या आधी डॉक्टरने वजन विचारलं पाहिजे. नाही विचारलं तर तुम्हीच सांगा, अमुक किलो आहे म्हणून. कोणी चांगला डॉक्टर यावर चिडणार नाही. आणि खालचा जबडा दोन्ही बाजूंनी एकदम बधिर करून पोराला घरी पाठवायचं तर अजिबातच नको.

कारण खरा घोटाळा घरी जाताना होतो. काम दीड तासात संपतं पण ओठ दोन-तीन तास, ब्लॉक असेल तर त्याहून जास्त बधिर राहतो. पोराला गंमत वाटते, चावत राहतं, दुखत तर नाहीच. एक मुलगा माझ्याकडून दाढ करून एसटीने गावी गेला, वाटेत आईने वडापाव दिला, त्याने वडापावबरोबर ओठ पण चावला. सकाळी ओठ टम्म आणि आत पांढरा थर. घरच्यांना वाटलं पू झालाय, दुसरीकडे जाऊन अँटिबायोटिक आणली, माझ्या नावाने गावभर बोंब झाली. तो पू नसतो, जखमेवर येणारा थरच पांढरा असतो, आठ-दहा दिवसांत आपोआप भरतं, कोमट मीठपाण्याने चूळ भरायची आणि तिखट टाळायचं बस. आता मी ओठ आणि दातांमध्ये कापसाची गुंडाळी ठेवून पाठवते आणि आईला सांगते, तोंडावर लक्ष ठेव, ओठ जागा होईपर्यंत खायला काही देऊ नको, पाणी चालेल.

एक शेवटचं आणि ते आईबाबा, आजीआजोबांसाठी. पोराने भाजी खाल्ली नाही, अभ्यास केला नाही की "गप रव नायतर डॉक्टर सुई टोचतली" हे बंद करा. वर्षभर तुम्ही त्याला सुई म्हणजे शिक्षा असं शिकवता आणि मग एक दिवस त्याच सुईकडे घेऊन येता. आणि येताना "काही नाही करणार, फक्त बघणार" असं खोटंही सांगू नका. एवढंच सांगा की दाढ दुखते ना, डॉक्टर तिला झोपवतील, थोडं चिमटा काढल्यासारखं वाटेल. बाकीचं आमच्यावर सोडा, आणि सोडताना विचारा, जेल लावून थांबता का, सावकाश देता का, वजन हवंय का.

संपादकसाहेब, जमलं तर हे पत्र मेच्या आधी छापा. सुट्टीत गाड्या भरून पोरं येतात आणि निम्म्यांच्या दाढा मुंबईपासूनच ठणकत असतात.

आपली,
एक दंतवैद्य
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग